जगातल्या सात विश्वासूंपैकी एक, मुक्काम बोईसर

बोईसरमध्ये काही लपून राहत नाही. आमच्या इमारतीत कुणाकडे पाहुणे आले, कुणाचं कुणाशी बिनसलं, कुणाच्या मुलाने नोकरी सोडली, हे सगळं दूधवाल्याच्या आधी जिन्यात पोचलेलं असतं. शेजारीण माझ्या कुकरच्या शिट्ट्या ऐकून आज डाळ की मटण ते ओळखते. अशा गावात राहून मी काही वर्षं जगभरातल्या अनोळखी माणसांची ओळख झाकून ठेवण्याच्या कामात होते. काम बिनपगारी होतं. मान मोठा होता, पण तो इथून बराच लांब कुठेतरी होता.

पोटासाठी मी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रंग-रसायनांच्या कारखान्यात कॉम्प्युटर विभाग सांभाळत होते. विभाग म्हणजे मी आणि हिशेबखात्यातला एक प्रिंटर. तो अडकला की मला बोलावणं यायचं, आणि तो अडकण्यासाठीच जन्माला आला होता.

घरचं काम वेगळं. इंटरनेटवर आपण काही वाचलं, कुणाला काही पाठवलं, की ते कुठून आलं याचा माग राहतो. तो राहू नये म्हणून जगातल्या हौशी लोकांनी एक जाळं उभारलं आहे. तुमचा निरोप तीन अनोळखी मशीनमधून फिरत जातो. प्रत्येक मशीनला फक्त आपला मागचा आणि पुढचा शेजारी ठाऊक. पाठवणारा आणि घेणारा, दोघं एकदम कुणालाच दिसत नाहीत. पत्रकार ते वापरतात, नवऱ्याच्या मारातून निसटलेल्या बायका वापरतात, आणि हो, चोरही वापरतात. चोर रिक्षाही वापरतात, पण त्यासाठी रिक्षा बंद करा असं अजून कुणी म्हटलेलं नाही.

आता या जाळ्यातली हजारो मशीनं कुठे आहेत, त्यांतली चालू कुठली आणि सोंग घेऊन घुसलेली कुठली, हे नवख्या माणसाला कळणार कसं? त्यासाठी सात सर्व्हर. त्यांचं काम फक्त यादी ठेवणं. सातही जण आपापली यादी बनवतात, दर तासाला ती एकमेकांसमोर ठेवतात, मतं मोजतात आणि जे बहुमताने ठरेल त्यावर सही करतात. चार सह्या जुळल्या की यादी खरी. एखाद्याने लबाडी केलीच, तर बाकीचे त्याला मोजत नाहीत. थोडक्यात, विश्वासू माणसांवरही फार विश्वास ठेवायचा नाही, या तत्त्वावर चालणारी ही विश्वासू माणसांची मंडळी. त्या सातांतली एक मी होते.

हा मान मला मिळाला तो माझ्या संशयी नजरेमुळे. आधी मी जाळ्यातलं एक साधं मशीन चालवायची. एकदा माझ्या लक्षात आलं की वेगवेगळ्या देशांतली, वेगवेगळ्या मालकांची म्हणवणारी पुष्कळ मशीनं एकाच क्षणी बंद पडतात आणि एकाच क्षणी उठतात. आमच्या कारखान्यात एक टोळकं असंच एकत्र चहाला उठायचं आणि विचारलं तर आपण एकमेकांना ओळखतही नाही म्हणायचं, त्यामुळे मला हा प्रकार नवा नव्हता. मी तसं कळवलं. ती मशीनं बनावट निघाली. पुढे सातांतले एक वयस्क गृहस्थ निवृत्त झाले तेव्हा बाकीच्यांना माझी आठवण झाली. शिवाय त्यांना युरोप-अमेरिकेबाहेरचं कुणीतरी हवं होतं. जग किती विशाल आहे ते दाखवायला एक बोईसर लागतंच.

मुलाखत घेतली त्यांच्यातल्या सर्वांत ज्येष्ठ बाईंनी. उत्तरेकडच्या एका थंड देशात राहणाऱ्या, निवृत्त गणिताच्या प्राध्यापिका. बोलता बोलता आमच्याकडची वीज गेली. ती परत आली तेव्हा बाई तशाच कॅमेऱ्यासमोर बसून स्वेटर विणत होत्या. त्या म्हणाल्या, "तू परत येशील याची मला खात्री होती. हीच परीक्षा समज."

मग त्यांनी माझं नाव, गाव आणि फोटो मागितला, जाळ्याच्या पानावर लावायला. लोकांनी आपल्यावर भरवसा ठेवायचा तर आपण कोण ते त्यांना कळायला हवं, असा नियम. जगातल्या सगळ्यांनी बिनचेहऱ्याचं राहावं म्हणून सात जणांनी चेहरा दाखवायचा! माझ्याकडे त्यातल्या त्यात बरा असा एकच फोटो होता, केळव्याला मावसबहिणीच्या लग्नातला. त्यामुळे सहा टोपीवाल्या, दाढीवाल्या, गंभीर चेहऱ्यांच्या रांगेत सातवी मी, नथ आणि मोठा गजरा घालून हसणारी. खाली लिहिलेलं: विश्वासू यादीची व्यवस्थापक.

नवऱ्याने तो फोटो पाहिला आणि म्हणाला, "अगं, तू केटरिंगवाली वाटतेस."

नवरा पालघरच्या कॉलेजात इतिहास शिकवतो. मागच्या खोलीत सर्व्हर आला तसा त्याचा टेबलफॅन गेला, कारण मशीनला वारा जास्त गरजेचा होता. दोन कंपन्यांच्या दोन लाइनी घेतल्या, मोठा इन्व्हर्टर बसवला. अणुवीज केंद्राच्या इतक्या जवळ राहतो की पाहुण्यांना पत्ता सांगताना तेच सांगतो, पण शुक्रवारी दुरुस्तीसाठी वीज जायची ती जायचीच. त्या वेळी घरात सगळं अंधारात आणि मागच्या खोलीत ते मशीन हिरवा दिवा लावून थंडगार. सर्व्हरची मूळ किल्ली, म्हणजे एक लांबलचक गुप्त संख्या, मी इंटरनेटला कधीही न जोडलेल्या जुन्या लॅपटॉपमध्ये ठेवली होती आणि तो लॅपटॉप कपाटात पैठणीखाली. काही महिन्यांनी तो काढायचा, सहीसाठी नवी किल्ली तयार करायची आणि परत झाकून ठेवायचा. शेजारणीला वाटायचं मी शेअर खेळते. मी नाही म्हटलं की ती हसायची.

असं चाललं होतं. मग एका आषाढात मुरब्याची मासेवाली मावशी पाटी घेऊन दारात बसली. आमची ओळख जुनी. पावसाळ्यात समुद्रातल्या बोटी बंद, त्यामुळे तिच्याकडे खाडीची मासळी होती. तिने एक बोय उचलून माझ्या नाकासमोर धरली.

"वास घे, बाय."

मी घेतला. घासलेटात भिजवलेल्या रंगाच्या डब्यासारखा वास.

"ही खायाची काय घर रंगवाचं?" ती म्हणाली. "खाडीत पानी लाल येते. आमी सांगला, कोन आयकत नाय. तुज्या कारखान्याचं हाय ना?"

माझ्या कारखान्याचं असेल असं मलाही वाटत होतं, पण माझा संबंध प्रिंटरशी. मी तसं सांगितलं. तिने मासे घेण्याचा आग्रह केला नाही. पाटी उचलली आणि गेली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत कारखान्यावर जणू वीज पडली. कुणीतरी फोटो काढले होते: मागच्या भिंतीखालून निघणारा पाइप, धो धो पावसात त्यातून सुटणारं लालभडक पाणी, ते पाणी नाल्याला मिळतंय, आणि पाठीमागे आमची टाकी, नाव-बोधचिन्हासकट. हे फोटो आणि सविस्तर तक्रार सरकारी कार्यालयाकडे गेली, वर्तमानपत्रांकडे गेली, सातपाटीच्या मच्छीमारांकडे गेली. आणि एक प्रत थेट आमच्या मॅनेजरसाहेबांना, वर लिहिलेलं: माहितीसाठी. ज्याने कुणी लिहिलं त्याला शिष्टाचार ठाऊक होता.

दुपारी सिक्युरिटीवाला धावत आला. "मॅडम, साहब बुला रहे हैं. अभी के अभी."

साहेबांच्या केबिनमध्ये ठाण्याहून बोलावलेला एक सायबर तज्ज्ञ बसला होता. तक्रार कुठून आली ते शोधायला त्याला आणलं होतं. बऱ्याच तपासानंतर त्याला कळलं होतं की ती एका अनामिक जाळ्यातून आली आहे. मग ते जाळं कुणाचं ते शोधायला त्याने सर्च केलं होतं. त्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. पडद्यावर मी होते, नथ आणि गजरा घालून.

"या तुम्हीच ना?" साहेबांनी विचारलं.

"हो."

साहेब खुर्चीत मागे रेलले. त्यांच्या चेहऱ्यावर राग होता आणि त्याच्या बाजूला चक्क थोडा अभिमान. "मॅडम, अख्ख्या जगात सात जण. त्यातल्या एक आमच्या पगारावर! मला कधी सांगितलंत नाही ते?"

"प्रिंटरच्या कामात विषय निघाला नाही, साहेब."

"बरं, आता सांगा. कोणी पाठवलं?"

मी सांगितलं की मला माहीत नाही, आणि कळूच शकत नाही. माझ्या सर्व्हरमधून कुणाचा निरोप जातच नाही. मी फक्त यादी ठेवते. मी म्हटलं, "स्टेशनबाहेरच्या स्टँडवर एक माणूस उभा असतो ना, आज कुठल्या रिक्षा चालू आहेत आणि कुठल्या भंगारात गेल्या ते सांगणारा? ती मी. कोण बसलं, कुठे उतरलं, ते मला दिसत नाही."

"पण स्टँडवरच्याला सगळं दिसतं," साहेब म्हणाले.

"मी डोळे बांधून उभी असते."

तज्ज्ञाने मान हलवली. मी बरोबर बोलतेय हे त्याला पटलं होतं, पण साहेबांनी त्याच्याकडे पाहताच त्याची मान थांबली.

"ठीक आहे," साहेब म्हणाले. "मग बंदच करून टाका ते."

"माझ्या एकटीच्या हातात नाही. सातांपैकी चार जणांनी ठरवलं तरच यादी बदलते."

"म्हणजे अजून तिघांना तयार करायचं. कोण आहेत? बोलवा त्यांना. केळव्याला रिसॉर्टवर जेवण ठेवू. मांदेली-बिंदेली खायला घालू."

साहेबांचा आयुष्यभराचा अनुभव असा होता की जेवणानंतर बहुमत बदलतं. माझ्या डोळ्यांसमोर त्या थंड देशातल्या बाई उभ्या राहिल्या, स्वेटर बाजूला ठेवून आमच्या खाडीतली मासळी खाताना. मला हसू आवरलं नाही. ते मी आवरायला हवं होतं. साहेबांना वाटलं मी त्यांना हसतेय, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती.

दोन दिवसांनी त्यांनी सूर बदलला. सर्व्हर घरी ठेवणं धोक्याचं आहे, तो कारखान्यात आणून ठेवा, कंपनी त्याची काळजी घेईल, किल्ल्याही कंपनीच्या तिजोरीत राहतील. मी नाही म्हटलं. मग मला स्टोअरमध्ये बसायला सांगण्यात आलं, नटबोल्ट आणि गमबुटांत. विचार बदलला तर सांगा, म्हणाले. कॅन्टीनमध्ये लोक माझ्या टेबलापासून लांब बसू लागले. काही जण जाता जाता हळूच "भारी काम केलंत, मॅडम" म्हणायचे आणि लगेच चटणी घ्यायला निघून जायचे.

मी कुणालाही सांगत होते की मी तक्रार केलेली नाही. उपयोग शून्य. मुरब्याची मावशी आली तेव्हा तिलाही सांगितलं.

"नाय तं नाय," ती म्हणाली आणि डोळा मिचकावला. मग पाटीतून निवट्यांचा एक वाटा काढून माझ्या ताटलीत टाकला. "ह्ये लांबच्या खाडीचं हाय, खा बिनधास. तुज्यासाठी हाय."

"मावशी, खरंच मी नाही केलं."

"मी कुटं म्हनते तू केलास? ज्यानं केला त्याला दे."

आता ज्याने केलं तो कोण? इथे मला माझीच गंमत दिसली. जगभरातल्या लोकांची ओळख झाकणारी मी, स्टोअरच्या खिडकीतून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे चेहरे वाचू लागले. सांडपाणी विभागातला तो गप्प गप्प ऑपरेटर? की सिक्युरिटीवाला, ज्याच्या फोनचा कॅमेरा फार चांगला होता? की हिशेबखात्यातली ती नवी मुलगी, जिला पावसात भिंतीमागे जायचं काही कारण नव्हतं तरी तिच्या चपला लाल चिखलाने माखलेल्या असायच्या? नवऱ्याशी मी त्यावर चर्चा केली. तो इतिहासाचा प्राध्यापक, त्याने शांतपणे विचारलं, "आणि कळलं तर काय करशील?" त्यानंतर मी खिडकीकडे पाठ करून बसू लागले.

खरी पंचाईत वेगळीच होती. आमच्या सातांचा नियम स्पष्ट होता. कुणावर दबाव आला, तर त्याने तो तत्काळ बाकीच्यांना कळवायचा. साहेबांचा दबाव म्हणजे काही कुठल्या सरकारचा दबाव नव्हता. जेवणाचं आमंत्रण आणि गमबूट. पण किल्ल्या तिजोरीत ठेवा असं म्हटलं गेलं होतं, आणि मी नोकरी करत होते त्याच माणसाने म्हटलं होतं. मी नियमाप्रमाणे सगळं लिहून पाठवलं.

उत्तरं लगेच आली. एकाने मला शूर म्हटलं आणि माझ्यावर लेख लिहायची परवानगी मागितली. दुसऱ्याने विचारलं की तुमच्याकडे रासायनिक कारखाने शहराच्या इतक्या जवळ कसे काय असतात, आणि त्याला नकाशा हवा होता. तिसऱ्याचं पत्र मात्र मी चारदा वाचलं. त्याने अतिशय सभ्यपणे लिहिलं होतं: तुम्ही म्हणता की तुम्ही दबावाला बळी पडलेल्या नाही, पण हे पत्रसुद्धा दबावाखाली लिहिलेलं नाही, हे आम्ही कसं मानावं?

वाचून मला संताप आला. मग थोड्या वेळाने लक्षात आलं की त्याच्या जागी मी असते तर हेच लिहिलं असतं. बनावट मशीनं मी पकडली होती ती याच वृत्तीने.

थंड देशातल्या बाईंनी व्हिडिओवर बोलावलं. या वेळी त्यांच्या हातात विणकाम नव्हतं.

"तुझ्यावर माझा पूर्ण विश्वास आहे," त्या म्हणाल्या.

"पण?"

"पण जाळं माझ्या विश्वासावर चालत नाही. तू गप्प राहिली असतीस तर तू यादीत राहिली असतीस. खरं सांगितलंस म्हणून तुला काढावं लागतंय. हे फार वाईट आहे, आणि बरोबर आहे."

"मतदान कधी?"

"आत्ता. तुझंही मत आहे. तुला हवं तसं दे."

कॉल सुरू होता आणि नवरा दाराशी उभा होता. मी विचार करायला वेळ मागावा असं तो खुणेने सुचवत होता. मी कळ दाबली. मला काढण्याच्या बाजूने मत दिलं. मग सहा जणांनी दिलं. एकमताने. माझ्या कारकिर्दीत आम्हा सातांचं इतक्या चटकन एकमत कधीच झालं नव्हतं. एरवी मतदानाच्या वेळेवरसुद्धा दोन आठवडे पत्रव्यवहार चालायचा.

पुढच्या तासाची यादी आली. सह्या सहा. माझी जागा रिकामी नव्हती, ती नव्हतीच, तिथल्या ओळी सरकून जवळ आल्या होत्या. जाळ्याला काहीही झालं नाही. जगात कुणाचाही निरोप अडला नाही. एकाच्या जाण्याने काही कोसळू नये अशीच त्याची रचना, आणि मीच ते लोकांना कौतुकाने सांगत आले होते. आता मात्र वाटलं, निदान थोडं अडखळायला काय हरकत होती? एखाद्या तासापुरतं?

मी सर्व्हर बंद केला. खोली इतकी शांत झाली की रस्त्यावरचा रिक्षाचा हॉर्न घरात वाजल्यासारखा ऐकू आला. नवऱ्याने चहा केला. त्याने साखर विसरली आणि मी ती मागितली नाही. आम्ही दोघं तसाच तो प्यायलो.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना जाऊन सांगितलं की आता मी त्या सातांत नाही.

"काढलं?" त्यांनी विचारलं. त्यांचा आवाज मऊ झाला. "बघा, मी म्हटलं होतं ना, बाहेरच्या लोकांचा काय भरवसा."

स्टोअरमधून मला परत बोलावलं नाही. तिथेही कुणीतरी हवंच होतं.

मग तपासणी आली. अचानक तपासणी होती, म्हणून तिची खबर आम्हाला आठवडाभर आधी मिळाली. मागच्या भिंतीला पांढरा रंग लागला. पाइपच्या तोंडावर कुंड्या मांडल्या गेल्या, त्यात झेंडू. सांडपाणी शुद्ध करण्याच्या विभागात एक काचेची टाकी आहे. शुद्ध केलेलं पाणी किती निर्मळ आहे ते दाखवायला तिच्यात मासे सोडायचे असतात. आमच्या टाकीतले मासे कधीच वारले होते. बोईसरच्या पेटशॉपमधून नवे आणले, सोनेरी, शेपटीच्या झालरी असलेले. गमबूट न्यायला आलेला एक हेल्पर हळूच म्हणाला, "मॅडम, टाकी में बिसलेरी डाला है. मछली का नसीब देखो."

तपासणीसाठी आलेल्या साहेब लोकांनी मासे पाहिले, झेंडू पाहिला, रिसॉर्टवर जेवले. शेरा चांगला मिळाला. त्या जेवणात बहुमत खरोखरच बदललं होतं, तेव्हा या बाबतीत मॅनेजरसाहेबांचा अनुभव खोटा नव्हता हे मान्य करायला हवं.

आणि मग दुसरी तक्रार गेली. पहिल्यासारखीच, कुणाची ते न कळणारी. या वेळी व्हिडिओ होता. दोन माणसं पाण्याचे मोठे कॅन फोडून काचेच्या टाकीत ओततायत, तिसरा प्लास्टिकच्या पिशवीतून मासे सोडतोय, आणि मॅनेजरसाहेब बाजूला उभे राहून सांगतायत, "अरे हळू, मरतील." व्हिडिओ पालघर जिल्ह्यातल्या फोनाफोनांवर फिरला. सातपाटीला तो मासळी बाजारात बायकांनी एकमेकींना दाखवला. मावशी मला म्हणाली, "तुमचा सायेब माशांची लय काळजी घेतो." ती इतकी हसली की तिला पाटी खाली ठेवावी लागली.

साहेबांनी मला बोलावलं. त्या दिवशी त्यांनी दाढीसुद्धा केलेली नव्हती.

"आता तर तुमचं मशीन त्यात नाही ना?"

"नाही."

"तरी आलं?"

"तरी आलं, साहेब. माझ्याशी त्याचा संबंध नव्हताच."

ते बराच वेळ काचेतून खाली कॅन्टीनकडे जाणाऱ्या रांगेकडे पाहत राहिले. मला ती नजर ओळखीची वाटली. मीही स्टोअरच्या खिडकीतून तशीच पाहत होते.

या वेळी वरून वेगळी माणसं आली, न कळवता. लाल पाण्याचा तो विभाग बंद करायचा हुकूम निघाला. पाइप खणून काढला, नाल्याच्या तोंडाशी भिंत घातली. खाडीचं पाणी लगेच सुधारलं असं म्हणणार नाही. पण दसऱ्याच्या सुमारास मावशीने पुन्हा एकदा बोय आणली, माझ्या नाकाशी धरली, आणि या वेळी बोयीला फक्त मासळीचा वास होता. मी घेतली. तळली. नवऱ्याने दोन तुकडे जास्त खाल्ले.

कारखान्याच्या हेड ऑफिसने जाहीर केलं की या प्रकाराची वरिष्ठांना अजिबात कल्पना नव्हती, सगळी जबाबदारी स्थानिक मॅनेजरची. साहेबांची बदली झाली, कुठल्या तरी लांबच्या, बंद पडत आलेल्या युनिटमध्ये. कॅन्टीनमध्ये निरोप समारंभ झाला. शाल, श्रीफळ, समोसे. ज्या माणसांनी टाकीत कॅन ओतले होते त्यांच्यातल्याच एकाने साहेबांच्या पर्यावरणप्रेमावर चार शब्द सांगितले. कुणीही हसलं नाही. आपल्याकडे निरोप समारंभात लोक फार संयम दाखवतात.

समारंभानंतर साहेब स्टोअरमध्ये आले. अंगावर शाल तशीच. इकडेतिकडे पाहिलं, दार लोटलं आणि गॅस्केटच्या खोक्यावर बसले.

"मॅडम, आता जातोय मी. आता तरी सांगा, कोण होतं?"

"खरंच माहीत नाही."

त्यांनी मान डोलावली. मग म्हणाले, "सगळं तोंडी सांगितलं होतं त्यांनी. पाणी शुद्ध करायचा खर्च कमी करा, पावसात सोडा, कोण बघतंय. कागदावर एक अक्षर नाही. आता म्हणतात कल्पना नव्हती." त्यांनी शालीच्या टोकाने कपाळ पुसलं. "माझ्याकडे फोनवरचं रेकॉर्डिंग आहे."

मी हातातला गमबूट खाली ठेवला.

"ते तुमचं जे जाळं आहे ना," ते हळू आवाजात म्हणाले, "ते कसं वापरायचं?"

मला त्या क्षणी किती बोलावंसं वाटलं ते सांगत नाही. या माणसामुळे माझी सही गेली होती. मी समोरचा गमबुटांचा ढीग नीट लावला. मग सांगितलं: कंपनीच्या लॅपटॉपवर करू नका, कंपनीच्या वायफायवर तर नकोच. घरी गेल्यावर अमुक अमुक उतरवून घ्या. रेकॉर्डिंगमध्ये तुमचं नाव किंवा आवाज येत असेल तर तेवढा भाग काढा. साहेब मुलासारखे प्रत्येक गोष्ट पुन्हा विचारत होते.

"आणि कुणालाही कळणार नाही?"

"नाही."

"तुम्हालासुद्धा?"

"साहेब, अख्खा पावसाळा मी तुम्हाला हेच सांगत होते."

"हो," ते उठले, नारळ काखेत धरला. "तेव्हा ते खोटं वाटायचं. आता खरं असलं तर बरं होईल."

बाहेर ड्रायव्हर त्यांच्या सामानाची खोकी गाडीत चढवत होता. दार उघडून साहेबांनी आधी दोन्ही बाजूंना पाहिलं आणि मग निघाले.